बाबांच्या वाटचे मैल

संक्रांतीच्या सकाळी बुलढाण्यावर असं धुकं उतरलं होतं, की मलकापूर रस्त्यावरचे कडुलिंब कुणी शाईनं हलकेच ओढल्यासारखे दिसत होते. शाळेला सुट्टी होती. शकुंतला हातात मफलर घेऊन लगबगीनं निघाली होती. बाबा गळ्याला काही न गुंडाळताच फिरायला गेले होते.

समोरून पावलांचा आवाज आला... आणि धुक्यातून एक उंच तरुण बाहेर पडला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, थंडीची जणू ओळखच नाही. तो बाजूनं निघूनही गेला असता. पण त्याच्या कमरेच्या पट्ट्याला काहीतरी चकाकलं.

"अहो, थांबा! हे... हे तुमच्याकडे कसं?"

ते पेडोमीटर होतं. खिशातल्या घड्याळाएवढं, पाऊल पडलं की काटा सरकायचा आणि किती मैल चाललो ते सांगायचा. मुंबईच्या मामांनी बाबांसाठी पाठवलं होतं. सगळ्या गावात दुसरं नव्हतं.

तरुण कानापर्यंत लाल झाला. "चोरलं नाही जी मी! काकांनीच दिलं. रोज देतात."

"रोज?"

"हाव. ते दयारामच्या हॉटेलात बसतात, मी घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. आलो का काढून देतो त्यांना." तो घुटमळला. "म्हणे, पोरगी शाळेत विज्ञान शिकवते, तिचा प्रयोग चालू हाये..."

शकुंतलेला हसावं की रडावं कळेना. दिवाळीपासून ती रोज त्या काट्यावरचे मैल पाहून खूश होत होती. त्यावरून उष्मांक काढत होती, बाबांच्या ताटात त्या हिशेबानं भात वाढत होती. आणि तरी सकाळी लघवीतली साखर तपासली की नळीतलं निळं द्रावण विटेसारखं लाल व्हायचं. एवढं चालून साखर उतरत कशी नाही, म्हणून डॉक्टरही चक्रावले होते.

"त्यांना साखरेचा आजार आहे," ती हळूच म्हणाली. "चालणं हेच औषध. आई गेल्यापासून मला तेवढेच आहेत हो..."

त्याच्या चेहऱ्यावरची लाली झर्रकन उतरली. त्यानं ते यंत्र सोडवून तिच्या तळहातावर ठेवलं. त्याच्या अंगच्या उबेनं ते कोमट झालं होतं.

"मले माहीत नव्हतं. तुमी त्यांच्यावर रागावू नका. उद्यापासून मी काढतो त्यांना रस्त्यावर. नाही काढलं तर... मग माझ्यावर रागवा."

त्याचं नाव वैजनाथ. रोहिणखेडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शेतकी खात्यात नुकताच लागलेला. भाड्याच्या खोलीत जीव घुसमटायचा, म्हणून उजाडता उजाडता चालत सुटायचा.

दुसऱ्या दिवशी तो खरंच दारात उभा राहिला. "काका, एकट्याले करमत नाही. चला."

बाबा, म्हणजे नीळकंठराव, ओशाळले होते. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पहिल्या दिवशी नाल्यावरच्या पुलापर्यंतच जाऊन दम लागला. मग पुढच्या विहिरीपर्यंत. मग त्याच्याही पुढे... रविवारी शकुंतलाही त्यांच्याबरोबर निघू लागली.

त्याच दिवसांत रस्त्यावरचे मैलाचे जुने दगड काढून किलोमीटरचे नवे, पांढरे दगड बसवले जात होते. नीळकंठराव भलतेच खूश होते. "मागच्या आठवड्यात दोन चाललो होतो, आज तेवढ्याच वाटेत तीन झाले! सरकारचं भलं होवो!"

शकुंतला एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मनगटावरचं घड्याळ लावून चाल मोजायची.

"बाबा, आज गती कमी पडली."

"काकांची नाही जी," वैजनाथ म्हणाला. "माझीच पडली."

"का?"

"रविवार हाये ना..."

तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं. पण पुढच्या दगडाशी घड्याळ पाहायचं ती विसरली.

एकदा दयारामच्या हॉटेलावरून जाताना कढईतल्या जिलबीचा वास आला आणि बाबांची पावलं रेंगाळली. शकुंतलेनं लगेच हिशेब मांडला. दोन जिलब्यांचे उष्मांक जाळायचे तर घाटापर्यंत जाऊन परत यावं लागेल.

"बाप रे," वैजनाथ म्हणाला. "अन् हसाले किती लागतात?"

"लागतात थोडे."

"मग काऊन वाचवून राह्यल्या?"

आणि ती हसली... शाळेत कधी हसत नसे तशी, मोकळी.

फाल्गुनात घाटाच्या उतारावर पळस पेटला. नळीतला रंग विटकरीवरून पिवळ्यावर आला, मग हिरव्यावर. एका रविवारी सकाळी द्रावण उकळलं तरी निळंच राहिलं, आभाळासारखं. वैजनाथ दिसताच ती धावत गेली. "निळं! आज निळं राहिलं!" आणि आनंदाच्या भरात तिनं त्याचे हात धरले. मग दोघांचंही लक्ष त्या हातांकडे गेलं. नीळकंठराव मात्र वाकून बुटाची नाडी बांधत होते... बराच वेळ.

तरीही चैत्रात अकोल्याचं स्थळ आलं. बँकेतला मुलगा, आपल्यातलाच. बाबांनी चालता चालता वैजनाथला सांगितलं, "पुढच्या रविवारी पाहाले येणार हायेत. तू येजो घरी मदतीले."

दुसऱ्या दिवशी वैजनाथ फिरायला आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तो आता चिखली रस्त्यानं जातो, असं दयारामकडून कळलं.

शकुंतलेनं रात्र कशीबशी काढली आणि उजाडताच चिखली रस्ता गाठला. तो समोरून येतच होता. तिला पाहून थबकला.

"रस्ता का बदललात?"

"इकडची हवा चांगली हाये."

"खोटं."

"हाव... खोटं." त्यानं मान खाली घातली. "तिकडं तुमी दिसता. नसल्या तरी दिसता. अन् काकांनी मले पोरासारखं मानलं जी. आमची जात येगळी. त्यांच्या मागं लपूनछपून काही करनं... नाही होत मले."

"मग समोर करा."

त्यानं मान वर केली. कडुलिंबाच्या मोहराचा वास वाऱ्यावर भरून आला होता. दूर कुठे मोट कुरकुरत होती.

"शकुंतला," तो पहिल्यांदाच नुसत्या नावानं म्हणाला, "माझं तुझ्यावर मन बसलं. त्या धुक्यातच बसलं. तू रागावली होती तरी."

"माझंही," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता, की ऐकायला त्याला एक पाऊल पुढे यावं लागलं.

घरी येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. अकोल्याचं स्थळ नको, हेही सांगितलं. नीळकंठरावांनी हातातला कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि तडक निघून गेले.

ऊन चढलं. बाबांच्या पोटात काही नव्हतं. तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती मलकापूर रस्त्यानं धावत सुटली. दयाराम म्हणाला, "गेले ना इकडूनच! थांबले नाहीत."

घाटाच्या तोंडाशी, कठड्यावर बाबा बसले होते. शेजारी वैजनाथ उभा होता, बाबांच्या डोक्यावर उपरण्याची सावली धरून. ती धापा टाकत पोचली.

"याच्या खोलीवर गेलो," नीळकंठराव दरीकडे पाहत म्हणाले. "म्हटलं, चल. भांडायचंच होतं मले. पन रस्ताभर तोंडातून शब्द निघाला नाही. हाही बोलला नाही. नुसता माझ्या चालीनं चालत राह्यला... एकदाही पुढं गेला नाही." ते तिच्याकडे वळले. "तुझी आई गेल्यावर माझ्या चालीनं कोनी चाललं नव्हतं, शकू."

तिनं पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"लोक बोलतील. महिनाभर बोलतील, मग थकतील. अकोल्याले मी आजच नाही म्हणून कळवतो. अन् रोहिणखेडले जाऊन याच्या बापालेही मीच भेटतो." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "मी होतो पुढं. भूक लागली मले. तुमी या... सावकाश."

आणि ते निघालेही. ताठ, झपझप, उन्हातून.

शकुंतलेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडून काऊन राह्यली?" वैजनाथ घाबरून म्हणाला.

"माहीत नाही... तू चल ना माझ्याबरोबर."

पळसाची शेवटची फुलं रस्त्यावर गळून पडली होती. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून वळणं घेत, ती दोघं अगदी सावकाश गावाकडे निघाली.