टेसाची पाठवणी

पडताना पाऊस आणि टेकल्यावर बर्फ – ओहायोत मार्चमध्ये असा एक पाऊस पडतो, आणि तो गाड्यांची दारं गोंद लावल्यासारखी चिकटवून टाकतो. शाळांच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये पायल गजभिये अशाच एका दाराशी झटापट करत होती. टेसाची फाइल गाडीत विसरलेली, ती बाहेर, आणि मीटिंगला जेमतेम सात मिनिटं.

“उघड नं बाई,” ती दाराला म्हणाली. “तिथं एका पोरीचं नाव कापायला बसलेत सगळे, अन् तू इथं नखरे करून राहिली.”

“आधी ढकल. मग ओढ.”

आवाज मागून आला, आणि चक्क मराठीत आला. पायलने वळून पाहिलं. उंच, चष्म्यावर थेंब, अंगात कोट पण डोक्यावर टोपी नाही. असल्या हवेत उघड्या डोक्याने फिरायचं म्हणजे माणूस इथेच जन्मलेला असणार. तिने दार ढकललं, बर्फ कटकन तुटला, आणि दार मुकाट्याने उघडलं.

“थँक यू. पण अनोळखी बाईला एकदम ‘ढकल’?”

“सॉरी... ‘तुम्ही’ आईने शिकवलं होतं. पण घरात वापरायला कोणी मिळालंच नाही.” तो ओशाळून हसला. “मी देवांग. नदीपलीकडच्या हायस्कूलचा असिस्टंट प्रिन्सिपल. आज ती... पाठवणी आहे ना? तुमच्या मुलीची, आमच्याकडे?”

पायलचा हात फाइलवरच थांबला. “काय आहे?”

“पाठवणी. ई-मेलवर तुमचं नाव वाचलं, मग मुद्दाम आईला फोन केला. म्हटलं, मुलीला एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवतात, त्याला मराठीत काय म्हणतात? ती म्हणाली, पाठवणी. बरोबर आहे ना?”

खरं तर तिने तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. नवरी सासरी निघते, आई पदराने डोळे टिपते, बाप उगाच गाडीची डिकी तपासत बसतो, ती पाठवणी, शाळाबदलीची नव्हे. पण शब्द नीट आणल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर असा काही होता, की तिला तो मोडवेना.

“एकदम बरोबर,” पायल म्हणाली आणि हसू आवरायला खोटंच खोकली. ही शुद्ध लबाडी होती, आणि तिला ती आवडली होती.

आत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. टेसा नववीत, वय पंधरा. तिने तीनदा फायर अलार्म ओढला होता, आणि तिन्ही वेळा गणिताच्या टेस्टच्या दिवशी. तिचा प्रिन्सिपल तिला काढायच्या तयारीत होता. काढली असती तर पोर उरलेलं वर्ष घरी बसली असती, आणि एकदा बसलेली पोरं पुन्हा शाळेत येत नाहीत, हे काउन्सेलर म्हणून पायलने सहा वर्षांत पुरेसं पाहिलं होतं. तिने वेगळाच मार्ग काढला होता. काढू नका, शाळा बदला. सहा आठवड्यांची ट्रायल, दोन्ही शाळांच्या सह्या. मधे एकही गडबड झाली तर टेसाचं नाव कापायला ती स्वतः मान्यता देईल. त्या डिस्ट्रिक्टमध्ये असं आजवर कोणी केलं नव्हतं.

“आणि तिने तिथेही तेच केलं तर?” प्रिन्सिपलने विचारलं.

पायलला नागपूर आठवलं. तिने ते तसंच सांगून टाकलं.

“माझ्या वडिलांचं नाव सातवीत कापलं होतं. जातीवरून चिडवणाऱ्या पोराला त्यांनी ठोकलं होतं. शाळेने दाखला हातात ठेवला. तेव्हा त्यांचे एक गुरुजी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून दुसऱ्या शाळेत घेऊन गेले. तिथल्या हेडमास्तरांना म्हणाले, पोरगा कमी नाही पडला साहेब, आमची शाळा कमी पडली. माझे वडील हेडमास्तर म्हणूनच रिटायर झाले.”

मग टेबलाच्या त्या टोकाला पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. देवांगने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि पहिली सही केली. त्याच्यानंतर प्रिन्सिपलनेही, जरा वेळ घेऊन का होईना, केली.

ठरल्याप्रमाणे दर शुक्रवारी पायल नदीपलीकडे जायची. देवांगच्या शाळेत वर्कशॉपला शिक्षक मिळत नव्हता, म्हणून ते दोन तास तोच घ्यायचा. तिथल्या लाकडी बाकावर त्यांची मीटिंग व्हायची.

“लेक कशी आहे आमची?”

“शेल्फ बनवतेय. पहिल्या दिवशी तिने फळी चुकीची कापली आणि मला म्हणाली, मला अपूर्णांक येत नाहीत. मी टेप दिली हातात. इंचाचे सोळा भाग मोज म्हटलं, एवढंच असतं अपूर्णांकात. आता माझ्याच चुका काढते.” तो हसला. “बाय द वे, ऑफिसमध्ये मी सगळ्यांना ‘पाठवणी’ शिकवलं. सेक्रेटरीने कॅलेंडरवर घातलाय तो शब्द.”

पायलला खोकल्याची मोठीच उबळ आली.

“तुम्हाला दर शुक्रवारी खोकला कसा येतो?”

“भुशानं,” ती म्हणाली.

“हो, आहे खरा... तुमच्या केसांत पण आहे.” त्याचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच अडखळला. “मी...?”

“काढ मग.”

त्याने अगदी हळूच तो भुशाचा कण काढला. मग काहीतरी लक्षात येऊन म्हणाला, “मी आत्ता कुठे ‘तुम्ही’ शिकलो. तुझं ‘तुम्ही’ कुठे गेलं?”

“वापरायला कोणी मिळालं नाही,” पायल म्हणाली, आणि घरी पोहोचेपर्यंत गाडीत एकटीच हसत राहिली.

नागपूरहून बाबा दर रविवारी एकच प्रश्न विचारायचे. “पोट्टी टिकली का?” टिकली, ती म्हणायची. मग एका रविवारी त्यांनी पुढेही विचारलं. “अन् तो सही करणारा मास्तर?” पायलने नेटवर्क खराब असल्याचं सांगितलं. ते अजिबात खराब नव्हतं.

पाचव्या शुक्रवारी ती नदीवरचा पूल ओलांडून शाळेच्या सिग्नलला थांबली होती, तेवढ्यात देवांगचा फोन आला. मागे कर्कश घंटा वाजत होती.

“पायल... अलार्म वाजलाय. नववीची गणिताची टेस्ट चालू होती.”

“टेसानं...?”

शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायकलवरच्या गुरुजींनी असं कधी विचारलं असतं का? देवांग पलीकडून एवढंच म्हणाला, “तू ये. मागच्या पार्किंगला.”

सिग्नल हिरवा व्हायला एक युग लागलं. ती पोहोचली तर पाचशे पोरं बोचऱ्या वाऱ्यात उभी, निम्म्यांच्या अंगात जॅकेट नाही, गप्पा, सेल्फी, दंगा. देवांगने नुसत्या नजरेने दाखवलं. कोपऱ्यातल्या एका निळ्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून टेसा वाकून लिहीत होती. डाव्या हाताने कागद वाऱ्यापासून धरलेला, जीभ दातांत, आणि शेजारी गणिताच्या बाई तिच्यावर लक्ष ठेवून उभ्या.

“स्टाफरूममध्ये कोणीतरी मायक्रोवेव्हला पॉपकॉर्न जाळले,” देवांग हळूच म्हणाला. “सगळे पेपर टाकून पळाले. ही पेपर घेऊन आली. बाईंना म्हणाली, तुम्ही इथे उभ्या राहा, बघा मी कोणाचं बघत नाही. पण मला हे संपवायचंय.”

पायलला समोरचं दिसेनासं झालं. जी पोर टेस्ट चुकवायला अलार्म ओढायची, ती अलार्म वाजत असताना टेस्ट सोडवत होती. अभिमानाने छाती भरून येते म्हणतात, ती खरोखरच भरते, आणि जरा दुखतेही.

“मी आधी तिच्यावरच संशय घेतला, देवांग.”

“मी पण.” त्याने मान खाली घातली. “दहा सेकंद... फार लाज वाटली.”

त्या वाऱ्यात दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. टेसा शेवटचं गणित सोडवेपर्यंत कोणी हललं नाही. तिला एकाहत्तर मार्क पडले.

सहा आठवडे भरले त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मीटिंग चार मिनिटांत संपली. प्रिन्सिपलने फॉर्मवरचा ‘तात्पुरती’ हा शब्द स्वतःच्या पेनाने खोडला, सही केली आणि पायलला म्हणाला की आणखी दोन मुलांच्या फाइली आहेत, बघशील का. दारात टेसा उभी होती.

“मिस जी,” ती इंग्रजीत म्हणाली; ‘गजभिये’चं तिने पहिल्या दिवसापासून ‘जी’ करून टाकलं होतं. “मी आता काही तुमच्याकडे परत येणार नाही.”

“येऊ नकोस,” पायल म्हणाली. इतक्या आनंदाने तिने आजवर कोणाला असं म्हटलं नव्हतं.

पार्किंग लॉटमध्ये देवांग तिच्या गाडीला टेकून उभा होता.

“काल आईला टेसाचं सगळं सांगितलं,” तो म्हणाला. “म्हटलं, आमची पाठवणी यशस्वी झाली. आई पाच मिनिटं नुसती हसत होती. मग तिने अर्थ सांगितला.”

पायलने ओठ घट्ट मिटले.

“सहा आठवडे... ऑफिसच्या कॅलेंडरवर आहे तो शब्द, पायल.”

“तू इतक्या प्रेमानं म्हणत होतास. कसं सांगणार?”

“प्रेमाचंच म्हणशील तर...” त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “त्या दिवशी तू बाबांच्या गुरुजींचं ते वाक्य बोललीस ना... सही करताना मी फॉर्म वाचलाच नव्हता. आई विचारत होती, की मग आता तुझी पाठवणी...”

“माझी पाठवणी कोणी करत नाही, देवांग.” ती ताठ उभी राहिली. “दोन बॅगा घेऊन नागपूरहून स्वतःच्या पायांनी आलेय मी.”

त्याचा चेहरा पडला. “मग...?”

“ट्रान्सफर चालेल. पण दोन्हीकडच्या सह्या लागतात.”

त्याला समजायला एक क्षण लागला. “आणि ट्रायल पिरियड?”

“तो आज संपला.”

देवांगने खिसे चाचपले. पेन होतं, कागद नव्हता. पायलने तळहात पुढे केला. त्याने जीभ दातांत धरून, थेट टेसासारखी, एकेक अक्षर मराठीत काढलं – देवाग. तिने ते वाचलं, त्याच्या हातातून पेन घेतलं आणि ‘वा’च्या डोक्यावर राहिलेलं टिंब स्वतः दिलं.

“झाल्या दोघांच्या सह्या,” ती म्हणाली.

“बाबांना सांग,” तिचा हात न सोडता तो म्हणाला, “ही शाळा कमी नाही पडणार.”

या वेळी पायलने हसू खोकल्यात लपवलं नाही.