थळची बसलेली मोटार

मोटार मागच्या अंगाने बसली होती. पुढची चाकं ताठ, मागचा भाग जमिनीला टेकलेला.

साठ सालाच्या आसपास अलिबागच्या बाजूला मोटारीच मोजक्या होत्या. त्यात हरजीवनशेठची ही परदेशी गाडी स्प्रिंगांऐवजी हवेने फुगवलेल्या रबरी पिशव्यांवर उभी राहायची. तिला बघायला लोक थळच्या बंगल्यावर चालत यायचे.

ड्रायव्हर गुणाजीने रागाच्या भरात पिशव्या फाडल्या, असं शेठ म्हणत होते. त्यांनी त्याला गावासमोर नमकहराम म्हटलं आणि हवालदाराला ओट्यावर आणून बसवलं. गुणाजीची आई केसर तडक अलिबागला नीराबाई चित्र्यांकडे गेली. नीराबाई खाजगी तपास करत. नवऱ्याच्या गॅरेजात त्यांनी मोटारी खोललेल्या होत्या. त्या थळला आल्या, बरोबर त्यांचे दीर दयाराम होते.

गाडी भिंतीला तोंड लावून छपरीत उभी होती. खाली तीन मांजरं काहीतरी चाटत होती.

"सावलीला आलीत बिचारी," दयाराम म्हणाले.

शेठचा भाचा रमणीक ठासून सांगत होता, की त्याने गुणाजीच्या हातात सुरी पाहिली. ती मासळी कापायची, असं गुणाजी म्हणाला. गाडी एकदम पडली नाही, रोज सकाळी थोडी खाली गेलेली दिसायची. म्हातारा राखणदार कोंडाजी अंगणात पालथ्या घातलेल्या, तेलाने चकाकणाऱ्या होडीपाशी बसला होता.

पिशव्यांत हवा भरणारा पंप फिरावा म्हणून नीराबाईंनी इंजिन चालू करायला लावलं. मागचा भाग जेमतेम उचलला गेला आणि पुन्हा बसू लागला. मग त्यांनी पिशव्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं, बोटांनी रबर दाबलं आणि ओट्यावर आल्या.

"पंप बिघडला असता, तर पुढची बाजूही बसली असती. सुरी लागली असती, तर बुडबुडे एका चिरेतून आले असते आणि गाडी तेव्हाच पडली असती. इथे सबंध रबरातून बारीक बुडबुडे येतात. रबर फुगून मऊ झालंय. तेलाने होतं तसं."

"पुढच्या पिशव्या मग कशा वाचल्या, वहिनी?"

"पुढे भिंत आहे, भाऊजी. माणूस मागूनच शिरू शकतो. आणि मांजरं सावलीला नव्हती आली. मासळीचं तेल चाटत होती. इथे ते होडीला कोण लावतं?"

कोंडाजी उठून उभा राहिला.

"मीच लावला, बाई. खारा वारा लाकूड खातो, तसा रबर पन खाईल वाटला. शेठची गाडी म्हून दोन हात जास्तच दिले."

"सुरीचं तुम्ही ऐकलंत, तेव्हा का नाही बोललात?"

"सुरीचा मना काय ठावं? तेलाचा कोनी इचारलाच न्हाय."

शेठ त्याच्यावर धावले. नीराबाईंनी हवालदाराला विचारलं, की तेल लावण्याला कुठलं कलम लागतं. हवालदाराने टोपी डोक्यावर ठेवली आणि वाट धरली.

शेठ ओशाळून म्हणाले, "गुणाजी, तुला मुंबईहून नव्या पिशव्या आणायला लागतील."

गुणाजी हलला नाही.

"नमकहराम म्हणालात ते गावासमोर, शेठ. आता तसा न्हाय, तेही गावासमोरच म्हणा."

कुंपणाबाहेर माणसं जमली होती. केसर त्यांत पुढे होती. शेठ पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले आणि तिच्यासमोर हात जोडून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं," केसर म्हणाली.