नववी ओलांडणी

"किती वाजले असतील हो?"

"तीनशे बारा."

उत्तर देऊन ती चार पावलं पुढे गेली आणि मग थबकली. ओढ्याकाठच्या खडकावर एक माणूस बसला होता. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, शेजारी बूट, बुटांवर वाळत घातलेले मोजे. एक मोजा निळा, एक करडा. तो अगदी गंभीरपणे तिच्याकडे बघत होता.

"तीनशे बारा," तो म्हणाला. "म्हणजे जेवायची वेळ टळून गेली म्हणायची."

ती लाजली नाही, ती चिडली. कारण तीनशे बारानंतरची चार पावलं मोजली गेली की नाही, हे आता तिला सांगता येत नव्हतं.

वास्तविक तिला पावलं मोजायची काही गरज नव्हती. नकाशा कार्यालयाने तिला मोजणीचं चाक दिलं होतं. लांब दांड्याचं, वाटेवर ढकलत न्यायचं. दर मीटरला ते टक् करायचं आणि वरच्या खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकायचा. पण तिचा स्वभाव असा, की चाकाने चाकाचं काम करावं आणि आपण आपलं. कार्यालयात तिला मागून 'मोजपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं. आठ वर्षांत तिच्या हातून एक चूक झाली नव्हती. काही माणसं आपल्या केसांना जपतात, काही आपल्या आवाजाला. ती या आठ वर्षांना जपायची.

बोलता बोलता कळलं, की हा सुतार. याच वाटेवर दिशादर्शक खांब बसवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. घाटमाथ्यावरच्या वनचौकीपासून वाट सुरू व्हायची, ओढ्याचं बोट धरून डोंगर उतरायची आणि समुद्रकाठच्या दीपस्तंभाशी संपायची. मधे ती ओढा किती तरी वेळा ओलांडायची. दर ओलांडणीला एक खांब, खांबावर आकडा. आकडे ती देणार, खांब तो कोरणार. यादी हातात पडेपर्यंत त्याला घरी बसता आलं असतं. पण लाकूड कुठे उभं राहणार आहे हे बघितल्याशिवाय आपण ते कापत नाही, असं त्याचं म्हणणं.

"म्हणजे आपण दोघं एकाच कामावर," तो म्हणाला. "चला, सोबत होईल."

"मला सोबत लागत नाही. मोजताना बोलता येत नाही."

"मग मी बोलेन. तुम्ही मोजा."

आणि खरंच, तो बोलत राहिला. फार नाही, पण मधूनमधून. हे झाड आतून पोकळ आहे, त्यावर बोटाने वाजवून बघा. हा दगड हलतो, त्याच्या डावीकडचा घ्या. ती उत्तर द्यायची नाही, पण डावीकडचाच दगड घ्यायची. पहिली ओलांडणी दगडांवरून, दुसरी एका आडव्या पडलेल्या खोडावरून, तिसऱ्या वेळी सरळ पाण्यातून. पलीकडच्या काठाला पाय लागला रे लागला, की ती कानामागची पेन्सिल काढायची, वहीत आकडा टाकायची आणि पेन्सिल पुन्हा कानामागे. त्याने हे तीनदा बघितलं आणि चौथ्या वेळी, ती काठावर पोचायच्या आतच, हळूच म्हणाला, "पेन्सिल."

ती हसली. आठ वर्षांत, मोजणी चालू असताना, पहिल्यांदा.

पाचव्या ओलांडणीनंतर वाट उजव्या काठाने सपाट जाऊ लागली. तिथे तो थांबला. पलीकडे, डाव्या काठावर, एक रुंद खडक पाण्यावर झुकलेला होता. त्या खडकावरून समुद्र पहिल्यांदा दिसतो, तो म्हणाला. वाटेवरून दिसत नाही. तिथूनच.

"वाट तिकडून जात नाही," ती म्हणाली.

"नाहीच जात. म्हणून तर कुणाला माहीत नाही."

तिने चाक नीट, आकडा वर राहील असं, एका झाडाला टेकवलं. मीटरमध्ये गडबड नको. मग ओढा ओलांडला, आणि काठाला पाय लागताच, सवयच ती, पेन्सिल काढून वहीत लिहिलं: सहा.

खडकावरून दोन डोंगरांच्या मधे समुद्राचा एक तुकडा दिसत होता... हातरुमालाएवढा. त्यांनी पाव खाल्ला, उकडलेली अंडी खाल्ली. त्याच्याजवळ एक संत्रं होतं. त्याने ते सोललं, अर्धं तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, "मोजून घेणार?"

"पाच फोडी. तुमच्याकडे सहा आहेत."

त्याने सहावी फोडही तिच्याच हातावर ठेवली.

मग त्याने सहज सांगितलं, की या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इथलं काम संपेल. पुढे दुसऱ्या खोऱ्यात लाकडी पुलाचं काम आहे. सहा महिने. तिने 'बरं' म्हटलं. पण त्या 'बरं'नंतर फोड तोंडात तशीच राहिली, चावायची विसरली.

तेवढ्यात समुद्राचा तुकडा दिसेनासा झाला. धुकं खालून वर चढत आलं, आधी झाडांच्या बुंध्याशी, मग खांद्यांशी. पाण्याचा आवाज तेवढा उरला. परतताना दगड दिसत नव्हते, म्हणून त्याने हात पुढे केला. त्या हाताला लाकडाच्या भुशाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास होता. तिने आपला उजवा हात त्यात दिला. पाच दगड. मग काठ आला. काठ आल्यावर हात सोडायचा असतो, हे दोघांनाही माहीत होतं. दोघांनीही तो विषय काढला नाही.

अकरा पावलांनंतर चाक दिसलं, तेव्हा हात सुटला.

दीपस्तंभाशी पोचेपर्यंत वहीत नऊ ओलांडण्या झाल्या होत्या. धुकं विरलं होतं. तिने आकडे पुन्हा एकदा तपासले, बेरीज जुळली, आणि यादी त्याच्याकडे गेली.

*

घरी ती आणि तिची मावशी, दोघीच. मावशी निवृत्त टंकलेखिका. दुसऱ्याच्या कागदावरची चूक तिला खोलीच्या या टोकावरून दिसायची. त्या रात्री जेवताना भाची ओढ्याबद्दल सांगत होती. पाणी किती, दगड कसे, मधेच कुठले तरी मोजे. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की ओढ्याचे मोजे कोणत्या रंगाचे होते म्हणालीस?

"ओढ्याचे कुठे? त्या सुताराचे. एक निळा आणि एक—" तिने घाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"नाही, मला वाटलंच," मावशी म्हणाली आणि भात वाढून घेतला.

त्यानंतरचे तीन आठवडे सुताराचं नाव घरात निघालं नाही. मात्र संत्री रोज येऊ लागली. मावशीने कारण विचारलं नाही. फक्त सालींचा ढीग बघून एकदा म्हणाली, की या घरात आता कुणाला सर्दी होण्याची भीती नाही.

आणि मग त्या शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब मवाळ माणूस. निवृत्तीला वर्षभर उरलेलं. रागवायचं असलं तर आधी चष्मा पुसायचे. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"वनचौकी कुठल्या काठाला?"

"डाव्या."

"दीपस्तंभ?"

"डाव्याच."

"मग डाव्या काठावरून निघालेल्या माणसाने नऊ वेळा ओढा ओलांडला, तर तो कुठे जाईल?"

तिने टेबलाखाली बोटांवर काठ मोजले. उजव्या काठावर. तो उजव्या काठावर उभा राहील, आणि पलीकडच्या दीपस्तंभाकडे बघत बसेल.

साहेब हळू आवाजात म्हणाले, की नकाशा सोमवारी छापायला जातोय. त्या खोऱ्यात धुकं कसं उतरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. नसलेली नववी ओलांडणी शोधत कुणी भलतीकडे पाण्यात उतरला तर? तिने मान खाली घातली. आठ वर्षं एका वाक्यात संपली होती. आणि साहेबांनी ती ओरडून संपवली नव्हती, हेच जास्त लागत होतं.

मग त्यांनी पिवळा कागद पुढे केला: दुरुस्तीपत्रक. तिने तो कागद आजवर दुसऱ्यांच्याच टेबलावर पाहिला होता. त्यात दोन रकाने भरायचे असत. चुकीचं कारण. आणि चूक पुन्हा होऊ नये म्हणून केलेली उपाययोजना.

"कारण खरं लिहा," साहेब म्हणाले. "दमलो होतो, ऊन लागलं, असलं नको. ते मी रोज वाचतो."

*

शनिवारी सकाळी ती चाक न घेता निघाली. बरोबर वही, पेन्सिल आणि घडी घातलेला पिवळा कागद. मावशीने दारातून विचारलं, की चूक शोधायला जातेस की सापडलेली परत आणायला? तिने नुसती वही काखेत मारली. पण डोक्याला रुमाल बांधताना आरशासमोर जितका वेळ गेला, तितका मोजणीला जाताना कधी जात नसे.

खांब उभे होते. पहिल्या ओलांडणीच्या खांबावर एक, दुसरीच्या खांबावर दोन. आकडे खोल कोरलेले, कडा हाताला गुळगुळीत. पाचवीपर्यंत सगळं तिच्या यादीप्रमाणे. मग उजव्या काठाचा तो सपाट भाग आला, पलीकडे तो खडक दिसला, आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

इथे खांब नव्हता. यादीप्रमाणे सहावा खांब इथे हवा होता.

ती जवळजवळ पळतच पुढच्या ओलांडणीपर्यंत गेली. तिच्या यादीत ती सातवी होती. तिथल्या खांबावर स्वच्छ कोरलं होतं: सहा.

मग ती पळाली नाही. परत फिरली, सावकाश.

तो खडकावर बसलेला होता, पाय पाण्यात सोडून. शेजारी एक खांब आडवा ठेवलेला. आज बुटांवर वाळत घातलेले दोन्ही मोजे निळे होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती या काठावरून म्हणाली.

"यादी हातात आली त्याच दिवशी."

"तरी सांगितलं नाहीत?"

"खांब बरोबर लावले ना? चालणाऱ्याचं काही अडलं नसतं. आणि नकाशा छापायच्या आत तुमच्या साहेबांकडे जाऊन विचारणार होतो, हा एक खांब शिल्लक राहिला त्याचं काय करू म्हणून. आज संध्याकाळी."

"मला का नाही सांगितलंत?"

त्याने पाण्यातला पाय हलवला. "सांगितलं असतं तर तुम्ही टेबलावर बसून खोडलं असतं. रबराने. इथे कशाला आला असता?"

ओढा दोघांच्या मधून, आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत वाहत होता.

"माझ्या मोजणीने त्या दिवशी दहा झाल्या," तो पुढे म्हणाला. "आठ वाटेच्या, आणि दोन या खडकाच्या. जाणं आणि येणं. तुम्ही जाणं लिहिलंत. येणं लिहायचं राहिलं... तुमच्यासारखीच्या हातून. तीन आठवडे मी त्यावरच विचार करतोय, की ते का राहिलं असेल. माझी समजूत चुकीची असेल तर सांगा. हा खांब घेऊन मी जातो, पुलाच्या कामाला उपयोगी पडेल."

आता तिला काय वाटत होतं, ते एकाच वाक्याचं होतं. पण ते बोलणं तिला जमेना. तोंडी हिशेब तिला कधीच जमला नव्हता. तिने बूट काढले आणि ओढा ओलांडला. पाच दगड. काठाला पाय लागला, तरी कानामागची पेन्सिल निघाली नाही. खडकावर बसल्यावर मात्र तिने पिवळा कागद उलगडला, मांडीवर ठेवला आणि पहिला रकाना भरला. मग कागद त्याच्याकडे दिला आणि मुद्दाम समुद्राच्या तुकड्याकडे बघत बसली.

त्याने वाचलं. चुकीचं कारण: परतीच्या वेळी लिहिणारा हात मोकळा नव्हता.

त्याने कागद घडी घालून तिच्या वहीत ठेवला. मग म्हणाला, "काठावर आल्यावर तर मोकळा करता आला असता."

"अकरा पावलं," ती म्हणाली. "मोजली होती मी."

"मीही."

"तू कधीपासून मोजायला लागलास?" आपण 'तू' म्हटलं, हे तिला बोलून गेल्यावर कळलं. त्यालाही कळलं. त्याने ते परत घेऊ दिलं नाही. नुसता हात पुढे केला. तोच हात, तोच लाकडाचा वास, या वेळी धुकं नसताना.

पुलाचं खोरं बसने दोन तासांवर आहे, त्याने सांगितलं. दोन तास म्हणजे नेमके किती, हे बघावं लागेल, ती म्हणाली. बसवाल्यांच्या सांगण्यावर तिचा विश्वास नव्हता. दर रविवारी मोजलं तर सरासरी बरी निघेल.

दुपारी दोघांनी मिळून शिल्लक खांब त्या खडकाशी रोवला. नऊचा आकडा त्याने त्यावर कोरलाच नव्हता. काय कोरायचं, त्याने विचारलं. तिने विचार केला आणि म्हणाली, की काही नको. ज्याला इथे यायचंय तो येईल.

सोमवारी नकाशा आठ ओलांडण्यांनी छापायला गेला. साहेबांनी दुरुस्तीपत्रक हातात घेतलं, पहिला रकाना वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग त्यांची नजर दुसऱ्या रकान्यावर गेली. चूक पुन्हा होऊ नये म्हणून केलेली उपाययोजना. तिथे तिने तिच्या त्या सुबक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: केलेली नाही. करण्याचा विचारही नाही.

साहेबांनी पेन उघडलं आणि खाली सही केली. मान्य.