वरून ओतलेलं पाणी

गुरुवार होता. चऱ्होलीतली लाइट सकाळीच गेली होती. मोटर बंद, टाकी कोरडी. खालच्या शालनबाईंनी निरोप धाडला होता, छत गळतंय, येऊन बघून जा. म्हणून गणराज आंघोळीवाचूनच जिना उतरला.

निरोप खरा आबांना होता. पण आबा, म्हणजे त्याचे आजोबा चिमाजी, सोफ्यावरून हलले नाहीत. "सांग जाऊन, आमच्या बाथरूमच्या फरशीला कुनी हात लावायचा न्हाई."

डिप्लोमा अर्धवट सोडलेल्या नातवाला उठता-बसता आयतखाऊ म्हणणाऱ्या या माणसानं स्वतः काय केलं होतं? जमीन बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट घेतले, गळ्यात सोन्याची साखळी घातली. नकाशा बदलायला लावून बाथरूम हवं तिथं सरकवलं, ते नेमकं खालच्यांच्या खोलीवर. शालनबाईंच्या मुलानं चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम करकरून तो खालचा फ्लॅट घेतला, तेव्हा म्हातारा आठवडाभर धुमसत होता. "बिल्डरला आधीच विचारायचं ना आबा, गिऱ्हाईक कुठल्या जातीचं आणणार ते," गणराज तोंडावर बोलला होता.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि वास आला. ड्रेनेजचा नव्हे. शेवाळाचा, गार दगडाचा. बाहेर ऊन रणरणत होतं आणि इथं दंडावर काटा आला.

छतावर खाटेएवढा ओलीचा गोल. प्लास्टर फुगून खाली लोंबलेलं. त्याच्या मधोमध करंगळीएवढी धार लागलेली, आणि धारेखाली घागर धरून शालनबाई उभ्या.

"आजी, बाजूला व्हा! डोक्यात पडेल ते."

"भरू दे रं." आवाज दबका, कुणाची झोप मोडू नये असा. "रोज ह्याच टायमाला येतंय. भर दुपारी."

गणराज वर पळाला. बाथरूमची फरशी चाचपली. ठणठणीत कोरडी. नळ सोडला तर नुसती हवा. खाली आला तर धार तशीच.

"चाखून बघ."

त्यानं ओंजळ लावली. गोड. दात ठणकतील असं गार. टँकरचं हे नव्हतं.

"तुमच्या विहिरीचं हाय," शालनबाई म्हणाल्या. "बिल्डिंग हाय ना, हितंच होती ती. बहात्तरला समद्या विहिरी आटल्या, हीच तेवढी जिती. आमी काठाच्या खाली घागरी धरून उभ्या. दोराला हात लावायचा न्हाई. तुमच्यातलं कुनी आलं, दया आली, तर वरनं ओतायचं. न्हाईतर उभं ऱ्हा, दिस बुडंस्तवर."

"आमच्या विहिरीनं गाव जगवलं," हे आबा प्रत्येक लग्नात सांगायचे. हे मात्र कधी नाही.

"माझी थोरली भन, कौशल्या. एका दुपारी तिला उभं ऱ्हायाचा वीट आला. तिनं सोताच दोर आत सोडला."

"मग?"

"मंग... पाय घसरला म्हनले. विहिरीवर तवा कोन होतं, ते तुझ्या आबाला ठावं. मरायच्या आदी तेवढंच ऐकायचं हाय मला."

त्यांनी तोंड वर केलं. "भर गं," त्या हळूच म्हणाल्या.

धार मनगटाएवढी झाली.

कुठंतरी खूप खोल, पाण्यावर पाणी पडल्यासारखा आवाज घुमला. गणराजच्या तोंडची शिवी तोंडातच राहिली. शाळेत, कॉलेजात, देवळात कुठंच न वाकलेली त्याची मान आपोआप खाली गेली.

मग तो वर गेला आणि आबांना मनगटाला धरून खाली घेऊन आला.

"सोड... येडा झालास का?"

आबा उंबऱ्याशी पोचले आणि धार तुटली. विळ्यानं कापावी तशी.

"बंद हाय की," आबा म्हणाले. "फुकटचा कांगावा." पण त्यांचा पाय उंबरा ओलांडेना.

शालनबाईंनी घागर खाली ठेवली. "चिमाजी, इतकंच सांगा. घसरली का ती?"

आबांचे ओठ हलले. "जुनं हाय ते... बुजवली की आता विहीर..."

तेवढ्यात वर काहीतरी कडाडलं. गणराजनं म्हातारीला ओढलं आणि प्लास्टरचा अख्खा गोल एकदम खाली आला. घागर चेपली. धुरळा हळूहळू बसला.

वर पाइप नव्हता. ओलही नव्हती. उघडा पडलेला स्लॅब हाडासारखा सुका होता आणि त्यात खाचा होत्या. शेजारी शेजारी, खोल, गुळगुळीत. विहिरीच्या काठच्या दगडावर दोर घासून घासून पिढ्यानपिढ्या पडतात तशा. स्लॅब तीन वर्षांपूर्वीचा.

"आबा," गणराज पुटपुटला, "आता तरी बोला..."

दोन्ही हातांनी चौकट धरून आबा वर बघत होते. मधल्या खाचेतून बारीक सिमेंट झरत होतं. थांबायचं... पुन्हा झरायचं... ओढणारा दम घेतोय असं. दोर दिसत नव्हता. पण त्याच्या टोकाला जे होतं, ते घागरीपेक्षा पुष्कळ जड होतं.