उंबरावरचं गाठोडं

बारकी सापगावाहून धावत आली आणि शहापुरात गुप्त्यांच्या ओटीवर मटकन बसली.

"माज्या मानसाला फाशी देतील, साहेब. त्यानं नाय केला खून."

खाजगी तपास करणाऱ्या गुप्त्यांनी तिला आधी पाणी दिलं. त्यांचे मित्र पाटकर मास्तर हातातला चहा विसरून ऐकत राहिले. बारकीचा नवरा बुधू गुरांना झाडपाल्याचं औषध देई. पहाटे सापगावच्या महादूची गाय व्याली, पण वासरामागून जार, म्हणजे वार, पडेना. ती आत सडली की गाय हातची जाते. बुधू कोयता गोठ्यात ठेवून, जार पाडायला बांबूचा पाला चारावा म्हणून तो ओरबाडायला गेला. परतला, तर महादू त्याच कोयत्याने तोडलेला.

"फौजदारानं विचारलं नाही काही?"

"इचारलं ना. दात पाडून इचारलं."

दुपारी दोघे बारकीबरोबर गोठ्यात पोचले. प्रेत हलवलं होतं. रक्त मात्र कुडावर, गव्हाणीत, पार वाशांपर्यंत उडालं होतं.

"घाव किती?" गुप्त्यांनी विचारलं.

"अकरा," फौजदार म्हणाला. "मान नुसती लोंबत होती."

"मग मारणारा रक्तानं न्हाला असणार. बुधूच्या अंगावर होतं?"

"ओढ्यात धुतलं असेल. लंगोटीवाल्याला काय लागतं धुवायला?"

महादूचा धाकटा भाऊ देवजी शेजारच्या दारात उभा होता. अंगात घडी मोडलेली कोरी बंडी होती. त्याच्या गोठ्यात एकच बैल दिसत होता.

"जोडीचा कुठाय?"

"मेला दिवाळीत."

"मेला कसला," शेजारीण सरस्वती पुटपुटली. "महादूच्या शेतात शिरला, तं त्यानं कुऱ्हाडीनं पाय तोडला त्याचा."

देवजीने तिच्याकडे डोळे वटारले. "बुधू खोटारडा हाय, साहेब. जार कवाच पडली व्हती. मी सोता उंबराला बांधली. मंग पाला आणायला कशाला गेला तो?"

"बांधताना मी पायलं," सरस्वती म्हणाली. "रगताचं गाठोडं व्हतं."

उंबराच्या फांदीला ते लोंबत होतं, माशा घोंघावत होत्या. चिकाच्या झाडाला जार बांधली की गाईचं दूध आटत नाही, हे तिकडचं पोरही सांगेल. बुधूचं बोलणंच खोटं पडल्यावर उरलं काय? मास्तरांना बारकीकडे बघवेना.

गुप्ते मात्र गाईकडे बघत होते. ती पाठ वाकवून, शेपूट उचलून कुंथत होती. वासरू आचळाला झोंबत होतं, तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बारके, बुधूनं आणलेला पाला कुठे आहे?"

"दारातच पडलाय."

"तिला खाऊ घाल."

"ओल्या बाळंतिणीला कशाला तरास देता?" देवजीचा आवाज चिरकला.

उन्हं कलेपर्यंत सगळे तिथेच बसले. मग गाय हंबरली, थरथरली, आणि जार धप्पकन जमिनीवर पडली.

"मास्तर, वासरं किती?"

"एक."

"मग जार एकच. फांदीवर काय बांधलंय?"

फौजदाराने गाठोडं उतरवून सोडलं. आत रक्ताने थबथबलेलं धोतर आणि बंडी होती.

"रक्ताचं गाठोडं घेऊन दिवसाउजेडी निघालात तर कुणीही अडवील," गुप्ते म्हणाले. "व्यालेल्या गाईच्या दारातून निघालात तर अडवणार नाही, आणि ते सोडून बघायचं कुणाच्या मनातही येणार नाही. देवजीला वाटलं, गाईच्या पोटात पाला गेला नाही तर जार आतच सडेल, गाय मरेल आणि बोंब बुधूच्या नावानं होईल. जार पडली होती ही थाप त्यानं गाठोड्यासाठी मारली. बुधूला खोटं पाडणारी तीच, नि यालाही पाडणारी तीच."

देवजीने कुडातला विळा उपसला आणि सरस्वतीवर धावला. तिचा दंड हाडापर्यंत चिरला. शिपायांनी काठ्यांनी त्याचा हात मोडला, तेव्हा विळा सुटला.

"माजा सर्जा सांजेपावतर वरडत व्हता," तो जमिनीवरून म्हणाला. "अकरा कमीच झाले."

फौजदार बारकीकडे न बघता म्हणाला, "चल. सोडतो नवऱ्याला."

बारकी उठली नाही. तिने जार फडक्यात गुंडाळली, उंबरावर चढली आणि त्याच फांदीला घट्ट बांधली.

"त्यानं हाती घेतलेलं जनावर हाय," उतरल्यावर ती म्हणाली. "पयलं हेच इचारल तो."