न पाहिलेला कैदी

फौजेतून परत आलेल्या माणसाला हिंगोलीत एकच प्रश्न विचारतात. किती मारले? बातमीसाठी कुठल्याही कार्यालयात गेलो की चहा येईपर्यंत हा प्रश्न येतोच. मी खरं ते सांगतो, की मी एकही मारला नाही, मी आपल्याच पलटणीतले कैदी सांभाळले. मग समोरच्याचा चहा जरा लवकर संपतो.

तुम्हीही विचारणार होतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. पलटणीत एक कोठडी असते. सुट्टी संपून महिना झाला तरी न आलेला, हवालदाराच्या कानाखाली वाजवलेला, दारू पिऊन गाडी ठोकलेला, असे आपलेच जवान तिच्यात असतात. बाहेर बंदूक घेऊन मी. काम कंटाळवाणं होतं आणि मला ते आवडायचं. पुढे पत्रकार झालो तेव्हा लोक म्हणाले, कुठं बंदूक आणि कुठं पेन. मला फार फरक वाटला नाही. दोन्हीकडे दुसऱ्याच्या भानगडीवर उभ्याने नजर ठेवायची असते.

पहारा बदलायची आमची एक रीत होती. नवा पहारेकरी आला की जुना दाराकडे तोंड करून म्हणायचा, कैदी एक, दरवाजा बंद, सब ठीक. नव्याने गजातून आत बघायचं, कैद्याचं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच म्हणायचं, "लिया." तोपर्यंत जुन्याने जागचं हलायचं नाही, मग घरी आई मेल्याची तार का येईना. आणि एकदा लिया म्हटलं की कैदी तुमचा. पळाला तरी तुमचा, मेला तरी तुमचा. आमचे सुभेदार सांगायचे, "पहले मुँह देखो, फिर मुँह खोलो." इतकी वर्षं मी ते पाळलं.

तर झालं असं. जवळा बाजारच्या पुढे एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथली निजामाच्या काळातली जुनी कोठडी पाडून ग्रामपंचायत गाळे बांधणार होती. पाडायच्या आधी एक फोटो आणि चार ओळी पाठवा, असा संपादकांचा फोन आला. कापसाचे दिवस होते. दुपारची जेवणं उरकून मी मोटरसायकल काढली.

कोठडीला लागूनच खाजा मियांचं गाद्यांचं दुकान. बाप-आज्यापासून पिंजाऱ्याचं काम. कोठडी त्यांनी कापूस ठेवायला वापरली होती. कुलूप त्यांनीच काढून दिलं.

"आत जा, पर जास्ती वेळ थांबू नका, प्रभूभाऊ," ते म्हणाले.

"काहून, चाचा?"

"कापूस हाय. नाकातोंडात जातो." आणि ते सुईत दोरा ओवत बसले.

बाहेर आधी छोटी ओसरी होती, तिच्यापुढे गजांचं दार, आणि त्याच्या आत छतापर्यंत रचलेली पोती. बाहेर रणरणतं ऊन असून आत थंड होतं. कापसाने सगळा आवाज गिळला होता. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तो मला दिसला, पण ऐकू आला नाही. वास मात्र कापसाचा नव्हता. ओल्या घोंगडीचा होता, चुन्याचा होता, आणि त्याखाली घामाने खारवलेल्या खाकीचा. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन.

मी फोटो घेतला. मोबाइल खिशात टाकत होतो, तेवढ्यात मागे टाचा जुळल्याचा आवाज आला. त्या कापसात तेवढा एकच आवाज स्पष्ट आला. मग एक आवाज बोलला, दमलेला, घसा कोरडा पडलेला…

"कैदी एक. दरवाजा बंद. सब दुरुस्त."

शब्द जरा निराळे होते, क्रम तोच होता. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली की पाय आपोआप उडतो ना, तसं माझं तोंड उघडलं.

"लिया," मी म्हणालो.

आणि मग वळलो. ओसरीत कोणी नव्हतं. एक लांब श्वास तेवढा ऐकू आला, जोडे काढल्यावर माणूस सोडतो तसा. मी गजातून आत पाहिलं. पोती होती, काळोख होता. तोंड मला दिसलं नाही.

भास म्हणून मी सोडून दिलं. बातमी पाठवली, आली, कोणी वाचली नाही. घरी मात्र दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं आणि मी बाहेर उभा होतो, तेव्हा आत कोणीतरी बसलं होतं. सिंधू, माझी बायको, स्वयंपाकघरात होती. तिसरं माणूस घरात नव्हतं. आत श्वास चालला होता, वाट पाहणाऱ्या माणसाचा, संथ. दार उघडलं, तर बादली आणि साबण. पुढे कपाटाचं तेच झालं, मग देवघराचं. ज्या बंद दारासमोर मी उभा राहीन, त्याच्या आत तो असायचा. पहारेकरी जिथं जाईल तिथं कैदी.

मी घरातली सगळी दारं उघडी ठेवू लागलो.

"मांजर येऊन दूध पिऊन राहिलंय," सिंधू म्हणाली. "दारं काहून उघडी टाकता?"

"हवा येऊ दे."

तिने दुधाचं पातेलं झाकलं. आणि मग तिनेच सांगितलं, की सत्यशीलाचा फोन आला होता, सुट्टी मंजूर झाली.

सत्यशीला आमची एकुलती एक लेक. फौजेच्या पोलिसात आहे. माझ्याच वळणावर गेली, हट्टाने, आणि काम तेच करते. कैदी घेते, कैदी देते. तिच्या फोटोला मी चौकट करून घेतली होती. त्या दिवशी तो फोटो मी भिंतीकडे फिरवून ठेवला. कारण गेले काही दिवस दारापाशी उभं राहिलं की पहारा सोपवायचे ते तीन तुकडे, कैदी एक, दरवाजा बंद, सब ठीक, माझ्या जिभेवर आपोआप येत होते. द्यायला समोर कोणी नव्हतं म्हणून ते आतच राहिले होते. आता घेणारी येणार होती.

मी तडक त्या गावी गेलो. जिथून घेतला तिथंच परत करावा, एवढाच विचार. कोठडीच्या जागी दगडांचा ढीग होता.

खाजा मिया म्हणाले, "तुमी येऊन गेल्यापासून जोड्याचा आवाज बंद हाय. माझ्या बापानंबी ऐकला होता तो."

"कोण होता, चाचा?"

"पुलीस ॲक्शनमधी सगळे अंमलदार रातोरात पळाले. येक शिपाई दारावर राहिला. बदली आल्याबिगर हलत न्हाई म्हने. उभ्यानंच मेला, भुकेनं."

"आणि आत? आत कोण होतं?"

त्यांनी हातातली सुई गादीत टोचून ठेवली. "ते कोनीच बघितलं न्हाई, भाऊ…"

कैद्याला सोडायचा हुकूम वरून यावा लागतो. ज्यांनी त्याला डांबलं ते राज्यच उरलं नव्हतं. मी आल्या पावली परतलो.

सत्या आली. सिंधूने पुरणपोळ्या केल्या, शेजारपाजार जमला, कोणीतरी तिलाही विचारलं, किती मारले. मी हसलो. दिवेलागणीला ती कपडे बदलायला आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. मी ओट्यावरून धावत आत आलो, पण दारासमोर पोचलो तेव्हा कडी लागलेली होती. आत दोघांचा श्वास होता.

ती बाहेर आली ती शांत. चेहऱ्याचा रंग तेवढा गेला होता.

"बाबा, तुमच्याकडं कोन हाय?"

"कोन न्हाई, बेटा."

"मी त्याचं तोंड बघितलं." तिचा आवाज अगदी खाली गेला. "तुमी… तुमी न बघताच घेतला?"

मी मान डोलावली. ती दाराच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. पाय जुळवले. नवा पहारेकरी उभा राहतो तिथं.

"सांगा, बाबा. तुमची ड्यूटी झाली. मी घेते."

खरं सांगतो, मला द्यायचा होता. सगळं अंग त्यासाठी आसुसलं होतं. "कैदी…" एवढं तोंडातून निघालंसुद्धा. लेकीचा जीव माझ्यावर किती आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याचीच भीती वाटली. मग मी जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. पहाऱ्यावर असताना मी खाली बसलो. फरशीवर, मांडी घालून. बसलेल्या पहारेकऱ्याकडून कोणी कैदी घेत नाही.

"उठा ना, बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी उठलो नाही. सिंधू येऊन दोघांकडे बघत राहिली आणि गुपचूप दिवा लावून गेली.

उरलेली सुट्टी सरली. आत कोण आहे हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी स्टेशनवर जाऊन तिला गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा एकच काळजी होती, की तो तिच्यामागे तर गेला नाही. घरी आलो आणि चप्पल न काढता आतल्या खोलीचं दार बंद करून समोर उभा राहिलो. श्वास होता. मला इतका आनंद झाला की भिंतीला टेकून रडलो. कैदी माझ्याकडेच होता, पोरगी सुटली होती.

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. आवाज मोठा नव्हता. घरातलंच कुणी जेवता जेवता विचारतं तसा होता…

"सत्या आता पुन्हा कधी येणार?"