गळका फेडर

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी टेबलाखाली होते. निसटलेला स्क्रू शोधत. वरून आवाज आला, "कोणी आहे का?" आणि घाईनं उठताना माझं डोकं टेबलावर आपटलं.

"लागलं?"

"छे, रोजचंच आहे," मी डोकं चोळत म्हणाले. "काय बिघडलंय?"

त्यानं डीजे कंट्रोलर झोपलेल्या बाळासारखा अलगद टेबलावर ठेवला. "याचा उजवा फेडर गळतो."

फेडर म्हणजे आवाज वर-खाली करायची सरकती पट्टी. लॅपटॉपमधलं एक गाणं हॉलमध्ये वाजत असतं, तेव्हा डीजे पुढचं गाणं फक्त आपल्या हेडफोनवर तपासत असतो. त्या गाण्याची पट्टी पार खाली, म्हणजे बाहेर चिडीचूप. याच्या यंत्रात मात्र पट्टी खाली असली तरी बारीक आवाज बाहेर पाझरायचा.

"गाणं चालू असलं की कळत नाही," तो म्हणाला. "पण हॉल शांत झाला की माझी सगळी गुपितं बाहेर!"

"असं काय ऐकता हो हेडफोनवर?"

"ते दुरुस्त करणाऱ्यांनाच कळेल..." म्हणाला आणि हसला. गालाला एकाच बाजूला खळी. दुसरी बाजू मी उगाचच तपासली.

स्पीकर-रेडिओ दुरुस्तीचं हे दुकान माझ्या मामाचं. आमच्याकडे गिऱ्हाइकाचं नाव लक्षात राहत नाही, बिघाड राहतो. एक घुंईघुंई काका आहेत, एक चिकट बटणवाल्या मावशी आहेत. हा झाला गळका फेडर.

पार्ट येईपर्यंत यंत्र तो परत घेऊन गेला. नवा फेडर चार दिवसांत आला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि वर रिकामा डबा ठेवला. का, ते विचारू नका... बरं, विचारा. तो आला की दुकानात बरं वाटायचं. बोटांनी टेबलावर ठेका धरायचा, मामाच्या जुन्या स्पीकरची विचारपूस करायचा. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंक नावाचं बटण होतं. ते दाबलं की दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळतो. हा पठ्ठ्या ते कधीच दाबायचा नाही.

"कानानं जुळवतो मी. वेळ लागतो."

"मग कशाला ती उठाठेव?"

"सावकाश जुळलेलं जास्त टिकतं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. 'तुम्ही'चं 'तू' त्याच दिवशी झालं.

"पार्ट आला का गं?"

"नाही ना... हे कुरिअरवाले!"

बिचारे कुरिअरवाले. तीन आठवडे माझ्या शिव्या खात होते.

मग एका गुरुवारी तो जरा गंभीर चेहऱ्यानं आला. "शनिवारी दुपारी आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. तोवर हे हवंच. आणि... सोमवारी मी निघतोय. प्रवासी जहाजावर डीजेची नोकरी लागलीय. सहा महिने."

"अरे वा!" मी म्हणाले. आणि ड्रॉवर उगाचच घट्ट लावून घेतला.

शेवटी पार्ट 'आला' असं मी त्याला कळवलं. शनिवारी सकाळी यंत्र आणि लॅपटॉप माझ्या हवाली करून तो हॉल सजवायला गेला. आता नाही तर कधीच नाही! तोंडानं बोलणं जमणार नव्हतं. मी आवाज रेकॉर्ड केला आणि त्याच्या गाण्यांच्या यादीत अगदी वर ती फाइल ठेवली. नाव दिलं, 'आधी हेडफोनवर ऐक'. म्हणजे फक्त त्याच्या कानात. कोणाला पत्ता नाही.

"अगं, तीन आठवडे काय झोपा काढत होतीस?" मामा डोक्यावर उभा. मी धांदलीत फेडर बसवला, झाकण लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न तपासता काम गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.

तासाभरानं मामानं ड्रॉवर उघडला, आतल्या फेडरला मीटर लावून पाहिला. "हा नवाकोरा फेडर इथं कसा?"

मी तो हिसकावून घेतला. काढलेला जुना आणि लपवलेला नवा, दोन्ही मी एकाच कपड्यावर शेजारी शेजारी ठेवले होते. दिसायला सारखेच. उरलेला जुना समजून ड्रॉवरमध्ये टाकला होता. मी गळकाच परत बसवला होता! आणि ती फाइल...

फेडर आणि स्क्रूड्रायव्हर मुठीत धरून मी पळत सुटले. दोन गल्ल्या. हॉलच्या दारात पोचले, तर आत शांतता. आजोबा भाषणाला उभे राहिले होते. तो कोपऱ्यात, हेडफोन लावून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता. मी दोन्ही हात हलवले — नको, नको! त्यानंही खूश होऊन हात हलवला... आणि बटण दाबलं.

स्पीकरमधून माझा आवाज पाझरायला लागला. बारीक, पण स्वच्छ.

"गळक्या फेडर... तुझा पार्ट कधीच आला होता. मीच लपवला. बसवला असता, तर तू यायचा थांबला असतास..."

"श्श! कोणीतरी बोलतंय," एक आत्या म्हणाली. सगळ्यांनी कान टवकारले.

"जहाजावर खुशाल जा. पण मला तू आवडतोस. खूप. एवढंच सांगायचं होतं."

आजोबा माईकमध्ये म्हणाले, "पोरी, शेवटचं जरा मोठ्यानं!"

हॉलभर हशा पिकला. त्यानं दचकून हेडफोन काढले, दाराकडे पाहिलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तो गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला.

"नवा फेडर आणलाय," मी खाली बघत म्हणाले. "दहा मिनिटांत बसवते..."

"डबा रिकामा होता," तो हळूच म्हणाला. "ड्रॉवरमधला. दुसऱ्याच आठवड्यात दिसला. त्याखालचा पार्टसुद्धा."

"आणि तरी तू विचारायचास, पार्ट आला का?"

"नाहीतर यायला कारण काय होतं? मलाही तू आवडतेस, वेडाबाई. सांगायला ठेका जुळवत बसलो होतो."

मागून आजोबांनी माईकवर सांगितलं की भाषण आता रद्द, नाचा.

सोमवारी निघताना तो दुकानात आला. कंट्रोलर टेबलावर ठेवला, अगदी पहिल्या दिवशीसारखा अलगद. "जहाजावर त्यांचं यंत्र आहे. हे तुझ्याकडे दुरुस्तीला."

"दहा मिनिटांचं काम आहे रे."

"सावकाश कर," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी न्यायला येतो."

नवा फेडर मी पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.